पाठ केलेला संवाद आणि साधलेला संवाद

सोलापुरातील मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला डोकावले, तर दोन मुले फळ्यासमोर उभी राहून एकमेकांना "व्हॉट इज युवर नेम?" असे विचारताना बहुधा दिसतात. पहिलीपासून एका बाकावर बसणाऱ्या या मुलांना एकमेकांची नावे ठाऊक असतातच. दुसऱ्या एखाद्या वर्गात मुले तितकीच मोडकी इंग्रजी बोलत असतात, पण विचारणाऱ्याला उत्तर खरोखरच माहीत नसते. पाठटाचणात मात्र दोन्हींची नोंद ‘कन्व्हर्सेशन’ अशीच होते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिला प्रकार सरावाचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांना परकीय भाषा झटपट शिकवताना वाक्यांची घोकंपट्टी करून घेण्याच्या पद्धतीने जोर धरला, आणि आपल्याकडचा ‘ड्रिल’ त्याच घराण्यातला आहे. त्यात जीभ वळते, शब्दक्रम अंगवळणी पडतो आणि बुजऱ्या मुलाला सर्वांच्या आवाजात आपला आवाज लपवता येतो. म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

दुसऱ्या प्रकारात दोघांपैकी प्रत्येकाकडे असे काही असते, जे दुसऱ्याला हवे असते. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांमध्ये केलेल्या, बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगात अशा कृतींचे माहिती, तर्क आणि मत असे तीन प्रकार मानले होते. नवशिक्यांसाठी त्यातला पहिला सर्वांत सोयीचा.

तो कसा चालतो, हे सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेवरून सांगता येईल. एका मुलीच्या कागदावर फुगा आणि चटणीची पुडी यांचे भाव आहेत, तर पाळणा आणि बांगड्या यांच्यापुढे मोकळ्या चौकटी आहेत. जोडीदाराच्या कागदावर नेमके उलटे. मध्ये पुठ्ठा उभा केलेला, म्हणजे डोकावणे बंद. "हाऊ मच इज द बलून?" या प्रश्नाला मुलगी "फिफ्टीन" म्हणते, मुलगा ‘५०’ लिहितो, आणि शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर चूक उघडी पडते. ‘फिफ्टीन’मध्ये शेवटच्या भागावर दिलेला जोर आणि ‘फिफ्टी’मध्ये पहिल्या भागावर दिलेला जोर यांतला फरक सामूहिक सरावात मी अनेकदा सांगितला होता, पण तिथे उत्तर आधीच फळ्यावर असल्याने तो ऐकण्याची गरजच कुणाला पडली नव्हती.

चुका दुरुस्त करण्याची वेळही यामुळे बदलते. सरावात चूक तिथल्या तिथे सुधारावी, कारण अचूकपणा हेच त्याचे काम. कृती चालू असताना मात्र शिक्षकाने वहीत टिपून ठेवावे आणि तोंड मिटून बसावे. मुले बोलू लागली की आपल्याला ते फार जड जाते, हा भाग वेगळा.

घरी तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा मराठी बोलणारी मुले इथे एकाच वर्गात असतात आणि अडचण आली की ती सगळी मराठीवर येतात. याला काही शिक्षक फसलेला तास समजतात. माझ्या मते कागद कसा धरायचा, पाळी कुणाची, हे मराठीत ठरले तरी बिघडत नाही. भाव विचारणे आणि सांगणे इंग्रजीत झाले म्हणजे पुरे.

एकदा ऐकू न आल्यामुळे एका मुलाने पुठ्ठ्याच्या पलीकडून "वन्स अगेन, वन्स अगेन" असा धोशा लावला. कवायतीच्या तासाला ऐकलेले शब्द त्याने इथे चालवले होते. "कॅन यू से दॅट अगेन, प्लीज?" हे वाक्य मी शिकवलेच नव्हते, दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाकडून दहा वेळा म्हणवून घेतले.