हातवाऱ्यांचे गेम: नव्याचे नऊ दिवस आणि त्यानंतर

निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘वी’ कन्सोलबरोबर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राबरोबर, टीव्हीजवळ ठेवायची एक काळी पट्टी मिळायची. तिचं नाव सेन्सर बार, पण तिच्यात सेन्सर नव्हताच. दोन्ही टोकांना इन्फ्रारेड दिवे होते, बस्स. पाहण्याचं काम करणारा इवलासा कॅमेरा हातातल्या रिमोटच्या तोंडाशी बसवलेला होता आणि त्याला समोर इन्फ्रारेड प्रकाशाचे दोन ठिपके दिसले की पुरायचं. त्यामुळे पट्टी बिघडली तर लोक टीव्हीसमोर दोन मेणबत्त्या लावून खेळायचे. खेळ व्यवस्थित चालायचा.

हात किंवा अंग हलवून खेळायचे गेम खरंच उपयोगाचे की नुसते चोचले, हा वाद निघाला की मला ही पट्टी आठवते. या वादात ‘मोशन कंट्रोल’ ही एकच वस्तू असल्यासारखं बोललं जातं. प्रत्यक्षात त्या नावाखाली अगदी वेगवेगळी तंत्रं खपली आणि प्रत्येकाच्या नशिबी वेगळं आलं.

सुरुवात १९८९च्या पॉवर ग्लोव्ह या हातमोज्यापासून करू. व्हीपीएल रिसर्च या अमेरिकी कंपनीने प्रयोगशाळांसाठी हजारो डॉलरचा डेटाग्लोव्ह बनवला होता. मॅटेल या खेळणी कंपनीने त्याचीच स्वस्त आवृत्ती निन्टेंडोच्या कन्सोलसाठी साधारण ७५ डॉलरला विकायला काढली. बोटं किती वाकली ते कळायला विद्युतवाहक शाईचे पट्टे आणि हात कुठे आहे ते कळायला अल्ट्रासोनिक लहरी, असा थाट होता. दिसायला झकास. पण खास या हातमोज्यासाठी केलेले गेम निघाले दोनच. बाकी सगळे गेम चार दिशांच्या बटणासाठी लिहिलेले, त्यामुळे हातमोजा बिचारा हाताच्या हालचालीचं भाषांतर करून ‘डावं बटण दाबलं’ असं कन्सोलला सांगायचा. अंगठा जे काम क्षणात बिनचूक करतो, तेच काम अख्खा हात हवेत धरून, उशिरा आणि चुकत करायचं. १९९३मध्ये सेगा या दुसऱ्या गेम कंपनीने जमिनीवर ठेवायचं अष्टकोनी कडं आणलं. त्यात उभं राहून लाथ मारली की इन्फ्रारेड किरण तुटायचा आणि एक बटण दाबल्याची नोंद व्हायची. पुन्हा तेच दुखणं.

याउलट कोनामीचं १९९८चं ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ बघा. पायाखाली चार बाण, म्हणजे खरं तर चार बटणंच. तंत्र म्हणून त्यात नवल काहीच नाही. पण तिथे पाय कशाची नक्कल करत नव्हते, नाचणं हाच खेळ होता. आपल्याकडच्या मॉलमधल्या गेम झोनमध्येही असल्या नाचाच्या यंत्रांभोवती खेळणाऱ्यांपेक्षा बघ्यांची गर्दी जास्त असते.

मोठी लाट आली ती वीची. निन्टेंडोच्या आधीच्या गेमक्यूबची विक्री जेमतेम २ कोटी १७ लाखांवर थांबली होती, तर सोनीचं प्लेस्टेशन २ त्याच्या कितीतरी पट खपत होतं. ताकदीच्या शर्यतीत आपला टिकाव लागणार नाही हे निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी ओळखलं होतं. कंट्रोलरवर इतकी बटणं झाली होती, की घरातली आई किंवा आजोबा त्याला हातच लावत नसत. सप्टेंबर २००५च्या टोकियो गेम शोमध्ये इवाता यांनी टीव्हीच्या रिमोटसारखा दिसणारा कंट्रोलर दाखवला. नोव्हेंबर २००६मध्ये वी अमेरिकेत २५० डॉलरला आलं. त्याच महिन्यात आलेल्या प्लेस्टेशन ३ची किंमत ५०० डॉलरपासून सुरू होत होती.

रिमोटच्या पोटात अ‍ॅक्सेलरोमीटर होता, म्हणजे तीन दिशांतला झटका मोजणारी चिप. या चिपची एक मर्यादा आहे. तिला गुरुत्वाकर्षण आणि हाताचा झटका यांतला फरक धड कळत नाही, आणि रिमोट सावकाश डावी-उजवीकडे वळवला तर जवळजवळ काहीच कळत नाही. म्हणूनच ‘वी स्पोर्ट्स’मधल्या टेनिसचं गुपित आठवड्याभरात फुटायचं. पहिल्या दिवशी माणूस हॉलभर उड्या मारत रॅकेट फिरवतो. मग त्याच्या लक्षात येतं, की सोफ्यावर रेलून नुसतं मनगट झटकलं तरी तोच फटका बसतो. तिथून पुढे तो उठत नाही.

तरीही लोकांनी हा गेम डोक्यावर घेतला, हे नाकारून चालणार नाही. जपान वगळता बहुतेक देशांत कन्सोलबरोबरच मिळणाऱ्या ‘वी स्पोर्ट्स’च्या ८ कोटी २९ लाख प्रती गेल्या. फुटलेले टीव्ही आणि हातातून निसटलेले रिमोट यांची इतकी चर्चा झाली, की डिसेंबर २००६मध्ये निन्टेंडोला रिमोट मनगटाला अडकवायचे ३२ लाख पट्टे बदलून द्यावे लागले. २००७मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका डॉक्टरने खांद्याच्या दुखण्याचं ‘वीआयटिस’ असं बारसंही केलं. अतिटेनिसचा रुग्ण तो स्वतःच!

मग ओहोटी लागली. २००८-०९ या आर्थिक वर्षात २ कोटी ५९ लाख वी खपले होते, २०११-१२मध्ये ९८ लाख. कपाटात गेलेल्या कन्सोलचे मालक नवे गेम घेत नव्हते. नेहमीच्या साहसी गेममध्ये रिमोट हलवणं ही बळजबरी वाटू लागली. ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ हा मुळात गेमक्यूबसाठी तयार होत असलेला झेल्डा मालिकेतला गेम, वीवर तलवार चालवायला त्यात रिमोट हलवायचा. म्हणजे पुन्हा हालचालीचं बटण झालं. २००९मध्ये मोशनप्लस हे जोडउपकरण आलं आणि त्यातल्या जायरोस्कोपमुळे मनगट किती वळलं ते नेमकं कळू लागलं. पण तोवर नव्याचे नऊ दिवस सरले होते.

सोनीनेही प्लेस्टेशन ३च्या कंट्रोलरमध्ये हालचाल ओळखायची सोय घाईने घुसवली. ‘लेअर’ या गेममध्ये ड्रॅगन उडवायला कंट्रोलर तिरपा करणं सक्तीचं होतं. इतकी ओरड झाली, की नंतर अंगठ्याने फिरवायच्या साध्या स्टिकची सोय द्यावी लागली.

मायक्रोसॉफ्टने तर हातातली वस्तूच काढून घेतली. नोव्हेंबर २०१०मध्ये आलेलं किनेक्ट खोलीभर इन्फ्रारेड ठिपके पसरायचं आणि ते कुठे कसे सरकलेत त्यावरून समोरच्याचा सांगाडा ओळखायचं. मूळ तंत्र प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचं. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख किनेक्ट विकले गेले आणि गिनीजमध्ये नोंद झाली. पण कॅमेऱ्यापासून सहा-आठ फूट मोकळी जागा हवी. वन-बीएचकेतल्या माणसाने टीपॉय उचलून नेमका कुठे ठेवायचा, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. शिवाय कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेणार, त्यातून शरीर ओळखणार, मग पडद्यावर हालचाल दिसणार. हा उशीर डोळ्याला जाणवायचा. आणि हातात काहीच नसेल तर गेममध्ये चालायचं तरी कसं? ‘डान्स सेंट्रल’सारख्या नाचाच्या गेममध्ये किनेक्ट शोभलं, कारण तिथे चालायचं नव्हतंच.

२०१३मध्ये एक्सबॉक्स वन या मायक्रोसॉफ्टच्या नव्या कन्सोलबरोबर किनेक्ट घेणं सक्तीचं झालं. किंमत ५०० डॉलर, समोर प्लेस्टेशन ४ ४०० डॉलरला. वर्षभराच्या आत सक्ती मागे घेतली गेली, २०१७मध्ये उत्पादन थांबलं. प्राइमसेन्स तोवर अ‍ॅपलने विकत घेतली होती, आणि चेहऱ्यावर इन्फ्रारेड ठिपके टाकून ओळख पटवणारा आयफोन एक्स त्याच वर्षी बाजारात आला.

एवढ्यावर थांबलं तर हे सगळं चोचलेच होते असं म्हणता येईल. पण मधल्या काळात जायरोस्कोप गुपचूप दुसरीकडे रुजत होता. २०१०च्या आयफोन ४मध्ये तो फोनमध्ये आला. २०१५च्या ‘स्प्लॅटून’मध्ये निन्टेंडोने त्याला एकच काम दिलं, नेम धरण्याचं. स्टिकने झपकन वळायचं आणि शेवटची बारीक दुरुस्ती मनगटाने करायची. अंगठ्याच्या स्टिकला ती बारीक दुरुस्ती कधीच नीट जमत नाही. हातमोज्यापासून चाललेली गोष्ट इथे उलटली, कारण हालचालीला असं काम मिळालं जे बटणाला येत नव्हतं. व्यायामाचा ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’ आणि व्हीआरमधला, म्हणजे डोळ्यांवर चष्मा चढवून खेळायचा ‘बीट सेबर’ टिकले ते नाचाच्या यंत्रासारखे, अंग हलवणं हाच त्यांचा खेळ म्हणून.

आपल्याकडे मात्र हा वाद कन्सोलवर फारसा झालाच नाही, तो फोनवर झाला. पबजी मोबाइल आणि २०२१पासून त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. जायरो, म्हणजे जायरोस्कोप, ‘स्कोप ऑन’ (फक्त दुर्बिणीतून नेम धरताना) ठेवायचा की ‘ऑलवेज ऑन’ (कायम), यावर तो अर्धा तास बोलेल. गोळी झाडल्याच्या धक्क्याने, म्हणजे रिकॉइलने, बंदूक वर उडाली की फोन किंचित खाली झुकवायचा. जायरो नवा असताना नेम आधीपेक्षा बिघडतो, काही दिवस शिव्या खाव्या लागतात, मग हात बसतो. तो याला मोशन कंट्रोल म्हणत नाही. त्याच्यासमोर वीचा पांढरा रिमोट आणून ठेवला तर बहुतेक खेळणं म्हणून हसेल, आणि हसता हसता फोन दोन अंशांनी तिरका करून लांबचा गडी टिपेल.