तासांचं वेळापत्रक आणि विसरण्याचा वेग

एमबीए प्रवेशासाठीच्या कॅट परीक्षेच्या तयारीला लागलेल्यांची वेळापत्रकं बहुतेक एकाच साच्यातली असतात. जूनमध्ये अंकगणित संपवायचं, जुलैत बीजगणित, ऑगस्टमध्ये भूमिती आणि ऑक्टोबरपासून मॉक, म्हणजे सराव परीक्षा. नौपाड्यातल्या अभ्यासिकेत दिवसभर बसणारा मुलगा असो की ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने महापेला नोकरीला जाणारी मुलगी, आखणी हीच. फरक काय तो रोजच्या तासांचा. या आखणीत एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते, की एकदा संपवलेला धडा संपलेलाच राहतो. स्मृतीवरचे प्रयोग गेली १४० वर्षं याच्या उलट सांगत आले आहेत.

सुरुवात हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने केली. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो, ते मोजायचा. १८८५ साली त्याने आकडे छापले. तासाभरानंतर पहिल्या मेहनतीपैकी ४४ टक्के वाचत होती, एका दिवसानंतर ३४ आणि महिन्यानंतर २१ टक्के. म्हणजे सगळ्यात मोठी गळती पहिल्या काही तासांतच होते, पुढे ती मंदावते. अर्थ लागलेलं गणित इतक्या झपाट्याने जात नाही हे खरं, पण विसरण्याचा आलेख साधारण याच वळणाचा असतो.

मग उजळणी कधी करायची? लगेच दुसऱ्या दिवशी, की महिन्याने? याचं चांगलं उत्तर २००८ मध्ये निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी दिलं. त्यांनी १३५० हून अधिक लोकांना काही माहिती शिकवली, वेगवेगळ्या अंतराने उजळणी करून घेतली आणि मग परीक्षा घेतली. परीक्षा उजळणीनंतर आठवड्याने असेल तर एका दिवसाचं अंतर सगळ्यात फायद्याचं ठरलं. ३५ दिवसांनी असेल तर साधारण ११ दिवसांचं, ७० दिवसांनी असेल तर जवळपास तीन आठवड्यांचं. उजळणीची योग्य तारीख परीक्षेच्या तारखेवर अवलंबून असते, ही मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. कॅट गेली काही वर्षं नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. ऑगस्टच्या मध्याला लॉगॅरिदम शिकला असाल, तर सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पुन्हा त्याच्याकडे वळायला हवं. ही तारीख धडा शिकला त्याच दिवशी घरातल्या कालनिर्णयवर लिहून टाकावी. हा प्रयोग सुट्या माहितीवर झाला होता, त्यामुळे गणिताला तो दिवस मोजून लागू करता येणार नाही, पण अंदाज बांधायला पुरेसा आहे.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं, असं आपण मानतो. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा दोनदा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून दुसऱ्या वेळी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. वाचताना येणारी ‘हे मला येतंय’ ही भावना फसवी असते, कारण मजकूर समोर असताना आठवण्याचं काम मेंदूला करावंच लागत नाही.

नोकरी करणाऱ्यांना याचा उपयोग अगदी हाताशी आहे. ठाणे ते वाशी लोकलला साधारण अर्धा तास लागतो. गर्दीत पुस्तक उघडता येत नाही म्हणून हा वेळ वाया गेला असं धरू नका. ऐरोलीपर्यंत काल सोडवलेला प्रश्नांचा एक सेट डोळ्यांसमोर आणायचा: माहिती काय दिली होती, पहिली अट कोणती वापरली, कुठे अडलो. आठवलं नाही तर घणसोली येईपर्यंत डोकं खाजवायचं आणि त्यानंतरच मोबाईलवर काढलेला फोटो बघायचा. बसून पुन्हा वाचलेल्या तासापेक्षा हा अर्धा तास कमी मोलाचा नाही.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं त्या गोष्टीकडे येऊ. शाळेपासून आपण ‘काळ, काम, वेग’ असं शीर्षक असलेल्या धड्याखाली ओळीने तीस उदाहरणं सोडवतो. एक माणूस काम १२ दिवसांत करतो, दुसरा १८ दिवसांत, दोघं मिळून किती दिवसांत? १/१२ अधिक १/१८, बेरीज ५/३६, उत्तर ७.२ दिवस. तिसऱ्या उदाहरणानंतर हात आपोआप चालतो, कारण रीत कोणती हे शीर्षकानेच सांगून टाकलेलं असतं. परीक्षेत शीर्षक नसतं. तिथे आधी ओळखायचं असतं की हे काम-वेगाचं आहे, गुणोत्तराचं आहे, की नुसते पर्याय घालून बघण्यासारखं आहे. हे ओळखणं हे वेगळं कौशल्य आहे आणि धडावार सरावात त्याला एक मिनिटही मिळत नाही.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये नेमकं हेच तपासलं. चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला विद्यार्थ्यांना शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सरावात सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा झाली, तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर घसरले आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर होते. मिसळून सराव करताना आपण मागे पडतोय असं वाटतं आणि नेमकं तेव्हाच पोरं घाबरून जुन्या पद्धतीकडे वळतात. वळू नका. नवा धडा पहिले दोन दिवस सलग करा, पण तिसऱ्या दिवसापासून त्याची उदाहरणं मागच्या धड्यांत मिसळा. कॅटमध्ये ४० मिनिटांच्या एका विभागातून दुसऱ्यात मागे जाता येत नाही. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न येतात. दोन्हीकडे झटकन ओळखता येणं हेच मार्क मिळवून देतं.

हे सगळं बसवायला वेळ किती आहे, याचा आपला अंदाजही चुकतोच. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं बिघडलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. पुढच्या कामाकडे बघताना माणूस स्वतःचा मागचा अनुभव हिशेबात धरत नाही, हे त्याचं कारण. आपल्याकडे तर कॅटच्या आधीच्या तीन महिन्यांत गणपती, नवरात्र आणि दिवाळी येतात, घरी पाहुणे असतात, ऑफिसात तिमाही संपते. म्हणून ‘रोज चार तास’ असं ठरवण्याआधी मागच्या तीन आठवड्यांत खरोखर किती तास झाले ते वहीत मांडा. आठवड्याला अकरा झाले असतील, तर अकरानेच नोव्हेंबरपर्यंतचे आठवडे गुणा आणि सणांचे दोन आठवडे वजा करा. हाती येणाऱ्या तासांतून आधी उजळणीच्या तारखा आणि प्रत्येक मॉकनंतर चुका तपासण्याचे दोन-तीन तास काढून ठेवा. नवे धडे उरलेल्या वेळात बसवा आणि बसत नसतील, तर कोणते सोडायचे हे ऑगस्टमध्येच ठरवून टाका.