मूत्रपिंड विकार व्यवस्थापनाची मोबाइल ॲप्स (मराठवाडा)

दीर्घकालीन मूत्रपिंड विकाराच्या रुग्णाला रक्तदाब, वजन, औषधे, आहार व तपासण्यांचे अहवाल यांची नोंद ठेवता यावी आणि बिघाडाची सूचना वेळेत मिळावी, यासाठीची मोबाइल ॲप्स. मूत्रपिंडाला इजा असेल किंवा गाळणवेग (मूत्रपिंडे रक्त गाळतात तो वेग) मिनिटाला 60 मिलिलिटरच्या खाली गेला असेल आणि ही स्थिती तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर विकार दीर्घकालीन समजतात. त्याचे पाच टप्पे 2002 च्या अमेरिकी मार्गदर्शिकेपासून रूढ झाले. पुढे तिसऱ्या टप्प्याचे अ (45 ते 59) व ब (30 ते 44) असे भाग पडले. या विकारासाठीची ॲप्स मुख्यतः 2010 नंतरची दिसतात.

गाळणवेगाचे गणित : रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक), वय व लिंग भरले की ॲप गाळणवेग सांगते. तो आकडा मोजलेला नसून अंदाजलेला असतो आणि सूत्रागणिक बदलतो. पन्नाशीच्या पुरुषाचे क्रिएटिनिन डेसिलिटरमागे 1.8 मिलिग्रॅम असल्यास 2021 च्या सीकेडी-एपीआय या आंतरराष्ट्रीय सूत्राने उत्तर सुमारे 45 येते, 2009 च्या सूत्राने 43, तर त्यावर पाकिस्तानात बसवलेल्या दुरुस्तीने 37. रक्ताचा अहवाल एकच, पण पहिल्या सूत्राने रुग्ण ‘तिसरा अ’ मध्ये बसतो, उरलेल्या दोहोंनी ‘तिसरा ब’ मध्ये. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. किरकोळ अंगकाठीच्या, मांसाहार कमी असलेल्या माणसात ते मुळातच कमी असते. त्यामुळे पाश्चात्त्य सूत्रे गाळणवेग फुगवून दाखवतात, असा आक्षेप आहे. भारतात गाळणवेग प्रत्यक्ष मोजून झालेले अभ्यासही त्याच दिशेने बोट दाखवतात. मराठवाड्यातील शेतकरी-मजुरांच्या बाबतीत हा आक्षेप अधिक ग्राह्य वाटतो. प्रयोगशाळा सहसा आंतरराष्ट्रीय सूत्रच वापरतात, म्हणून ॲपने सूत्राचे नाव दाखवावे आणि मागील आकड्यांशी तुलना त्याच सूत्राने करावी. काही परदेशी ॲप्स क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये मागतात. तेथे 1.8 ऐवजी 159 भरावे लागते.

कारणांचा वाद आणि पाण्याची सूचना : मधुमेह व उच्च रक्तदाब ही प्रमुख कारणे. यांखेरीज मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगार, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत व आंध्रातील उद्दानम येथे कारण न उलगडलेला विकार आढळतो. त्यासाठी उष्णता व निर्जलीकरण, कीटकनाशके, जड धातू, सिलिका, पाण्यातील फ्लोराइड अशी कारणे पुढे केली जातात. मध्य अमेरिकेपुरते उष्णता व कष्ट हे स्पष्टीकरण सर्वांत बळकट दिसते. श्रीलंकेला ते तितकेसे लागू पडत नाही. बीड भागातून कोयता घेऊन साखरपट्ट्यात जाणाऱ्या मजुरांची परिस्थिती पहिल्या गटाशी जुळते, तरी केवळ साम्यावरून निष्कर्ष काढू नये. अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा धोका मात्र निर्विवाद आहे, आणि त्यांची नोंद ॲपने आवर्जून विचारायला हवी.

या वादाचा ॲपशी थेट संबंध येतो. उन्हात राबणाऱ्या, सुरुवातीच्या टप्प्यातील मजुराला पाणी, सावली व विश्रांती हवी. लघवी जवळपास थांबलेल्या डायलिसिसच्या रुग्णाला तेच पाणी फुप्फुसात साचून जिवावर बेतू शकते. ‘दिवसाला आठ ग्लास पाणी प्या’ अशी सरसकट आठवण देणारे ॲप वैशाखातल्या मराठवाड्यात घातक ठरते. टप्पा विचारल्याशिवाय पाण्याचा सल्ला देऊच नये.

घरातील वापर : पाण्याचे माप मिलिलिटरमध्ये असते, घरात तांब्या व फुलपात्र असते. म्हणून घरचे फुलपात्र एकदा मोजून तो आकडा ॲपमध्ये भरणे सोयीचे; चहा, ताक व आमटीही हिशेबात धरावी. मिठाची मर्यादा दिवसाला साधारण 5 ग्रॅम. ठेचा, लोणचे, पापड यांतच ती सरते. परदेशी ॲप्सच्या यादीत भाकरी, येसर किंवा अंबाडीची भाजी सहसा सापडत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे अन्नघटक कोष्टक 528 पदार्थांचे असले तरी ते बहुतांशी कच्च्या धान्य-भाज्यांचे आहे. शिजवलेल्या ताटासाठी आहारतज्ज्ञाची मदत लागतेच. फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हातावर रक्तदाब घेऊ नये. फोन बहुधा मुलाकडे असतो; रुग्णाला स्वतःला सूचना समजाव्यात यासाठी मराठीतील बोलक्या सूचनांचे मोल मोठे आहे.

उपयुक्ततेचे पुरावे : टोरांटोतील 2016 च्या अभ्यासात 47 रुग्णांनी सहा महिने ॲप वापरले व घरी मोजलेला रक्तदाब थोडा उतरला, तुलनागट नव्हता. 2019 च्या कॉक्रेन (वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणारी संस्था) आढाव्याने अशा साधनांबाबतचा पुरावा कमी दर्जाचा ठरवला. हरियाणा-कर्नाटकातील एमवेलकेअर या मोबाइल-आधारित प्रणालीची चाचणी मधुमेह व रक्तदाबाची होती; तीत सुधारित नेहमीच्या उपचारांपेक्षा जादा फायदा दिसला नाही.

योजना : डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत समाविष्ट आहे, तिची पूर्वसूरी राजीव गांधी योजना 2012 मध्ये नांदेडसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या (2021) 14 अंकी आभा (आरोग्य-खाते) क्रमांकाला अहवाल जोडता येतात.