मेदीची व्हिला, फिएझोले

इटलीत फ्लॉरेन्सच्या ईशान्येस, फिएझोलेच्या दक्षिण उतारावरील पंधराव्या शतकातील निवासवास्तू. फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदीची घराण्यातील कोझिमो दे मेदीचीचा धाकटा मुलगा जोव्हान्नी (१४२१–६३) याने ती साधारणपणे १४५१ ते १४५७ या काळात बांधवून घेतली. ट्रेब्बिओ व काफाज्जोलो या मेदीचींच्या आधीच्या वाड्यांना बुरूज व कंगोरे आहेत आणि भोवती शेती. येथे दोन्ही नाहीत. जमीन खडकाळ, पिकास निरुपयोगी. जागा निवडली ती हवेसाठी आणि खाली दिसणाऱ्या शहरासाठी.

वास्तू जवळजवळ घनाकार असून तिला मधला चौक नाही. त्याऐवजी बाजूंना कमानींच्या ओवऱ्या थेट बागेत उघडतात. उतारामुळे खालच्या अंगाला एक जादा मजला मिळाला. तेथे तबेले, तळघरे व द्राक्षरसाच्या पिंपांच्या खोल्या, तर वर दालने, ग्रंथ आणि संगीत यांसाठी खोल्या होत्या, असे सोळाव्या शतकातील कलावंतांचा चरित्रकार वासारी सांगतो. पायावर प्रचंड खर्च झाल्याचेही तो नोंदवतो आणि त्यात नवल नाही. अशा कामात वरची बाजू कापून निघालेला भराव आधारभिंतीमागे टाकतात. पावसात तो भिजून जड होतो आणि पाणी अडल्यास भिंत पोट काढते. म्हणून पाया पक्क्या खडकापर्यंत न्यावा लागतो, भिंतीला आतल्या बाजूस ढाळ द्यावा लागतो आणि पाणी निघायला वाट ठेवावी लागते.

वास्तुकार कोण, हा वाद मिटलेला नाही. वासारी मिकेलोत्झोचे नाव घेतो. पण तो शतकभरानंतर लिहीत होता. अलीकडचे काही अभ्यासक लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीकडे झुकतात. त्याच्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथात (सुमारे १४५२) शहर, मैदान व ओळखीच्या टेकड्या दिसतील अशी उंच जागा घरासाठी सुचवली आहे. चौकाचा त्याग आणि काटेकोर प्रमाणबद्धताही त्याच्या विचाराशी जुळते. मात्र हा पुरावा साम्याचा आहे, कागदपत्रांचा नव्हे. कल्पनेवर आल्बेर्तीची छाप होती, एवढे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मूळ रूपासाठी फ्लॉरेन्समधील सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधील चित्रकार गिर्लांदायोचे भित्तिचित्र (१४८५–९०) उपयुक्त आहे. त्याच्या पार्श्वभूमीत ही वास्तू दिसते.

जोव्हान्नीनंतर ती त्याचा पुतण्या लोरेन्झो याच्याकडे आली. कवी पोलित्सियानो येथे राहत असे. १६७१ मध्ये मेदीचींनी ती विकली. १७७२ मध्ये लेडी ऑर्फर्ड यांनी घेतली. खालच्या टप्प्यावरील आजची आखीव बाग मात्र मूळची नाही. ती १९११ नंतर लेडी सिबिल कटिंग यांच्यासाठी उद्यानरचनाकार सेसिल पिन्सेंट यांनी रचली. २०१३ पासून तस्कनीतील मेदीची व्हिला व उद्याने या जागतिक वारसास्थळात तिचा समावेश आहे.