सामाईक धूरवाहिनी (स्वयंपाकघरातील)

बहुमजली इमारतीत एकावर एक असलेल्या स्वयंपाकघरांच्या विजेच्या चिमण्या एकाच उभ्या बंद नळीला जोडून धूर, वाफ आणि वास गच्चीवर सोडण्याची व्यवस्था. मुंबई-पुण्याकडे ‘डक्ट’ म्हणजे सांडपाण्याचे पाइप आणि कबुतरे असलेला, वरून उघडा अरुंद चौक. चिमणीचा पाइप त्यात नुसता सोडून दिला, तर धूर वरच्या घराच्या खिडकीत जातो. त्याला धूरवाहिनी म्हणता येत नाही.

खरी अडचण दाबाची आहे. जुन्या सामाईक नळ्या पंख्याविना चालत. गरम हवा हलकी, म्हणून आपसूक वर चढे. सोव्हिएत काळातील इमारतींत चार बर्नरच्या गॅस शेगडीसाठी तासाला 90 घनमीटर हवा बाहेर जावी, असा हिशेब होता. 30 मीटर उंच नळीत आत-बाहेर 20 अंशांचा फरक असेल, तर वरची ओढ जेमतेम 24 पास्कल (पास्कल हे दाबाचे एकक). आपल्याकडे फरक पाचेक अंशांचा, म्हणजे 6 पास्कल. अशा नळीत कोणी तासाला हजार घनमीटर क्षमतेची चिमणी लावली की ही ओढ कुठल्या कुठे जाते. दाबाखालची हवा गच्ची गाठण्याआधी शेजाऱ्याच्या घरात उघडणारे नळीचे तोंड शोधते. तिसऱ्यावर बोंबील तळावेत आणि पाचव्यावर उपासाच्या खिचडीला त्यांचा वास यावा, हा त्याचाच परिणाम.

यावर जुना उपाय म्हणजे प्रत्येक घराची शाखा लगेच मुख्य नळीला न जोडता एक मजला स्वतंत्र वर नेऊन मग जोडणे. शिवाय प्रत्येक तोंडाला एकमार्गी झडप हवी. तिचा भरवसा मात्र फोडणीच्या तेलापुढे टिकत नाही: चिकट थर बसला की ती अर्धवट उघडी राहते. आपली चिमणी बंद ठेवून जाळीशी पेटती उदबत्ती धरावी. धूर खोलीत परत ढकलला गेला तर झडप गेली, असे खुशाल समजावे.

सर्वांत नेटकी रचना स्वीडन-फिनलंडमध्ये दिसते. तेथे अनेक इमारतींत घरातल्या चिमणीला मोटारच नसते. गच्चीवरचा एकच पंखा अखंड चालतो, त्यामुळे नळीत कायम शोषण राहते. स्वयंपाक करताना घरातली झडप तेवढी जास्त उघडायची. अशा नळीला कोणी स्वतःची मोटारवाली चिमणी जोडली, तर सगळ्यांचा तोल बिघडतो.

नळी गुळगुळीत पत्र्याची असावी. घड्यांच्या लवचीक अ‍ॅल्युमिनियम पाइपात तेल साचते आणि आग लागल्यास ते तेलच तिला वरच्या मजल्यांवर नेते. गॅस गिझरचा धूर या नळीत कधीही सोडू नये. तो उलटा फिरला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. जोडणी शक्य नसेल तेथे कोळशाच्या फिल्टरची, हवा घरातच फिरवणारी चिमणी लावतात. तिने वास बराच कमी होतो. वाफ आणि उष्मा घरातच राहतात.