साधा रामन की सर्स? चमचाभर पावडर आणि चिमटीतही न येणारं ड्रग

पावडरमध्ये ड्रग आहे का ते लेसरने ओळखायच्या दोन पद्धती, रामन आणि सर्स (SERS, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाने वाढवलेला रामन), हे दोन शब्द लोक सर्रास एकाच्या जागी दुसरा वापरतात. नवल नाही म्हणा, दोन्हीत लेसर मारायचा, परत येणारा प्रकाश गोळा करायचा आणि स्क्रीनवर पीक (आलेखातले टोकदार उंचवटे) बघायचे, बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार फरक. मग "सर्स म्हणजे जास्त पॉवरफुल रामन" असं सांगून मोकळे होतात, आणि घोळ इथंच होतो.

आधी साधा रामन. पदार्थावर पडलेला बहुतेक प्रकाश रंग न बदलता विखुरतो, साधारण कोटीत एखादा फोटॉन रेणूच्या कंपनांमुळे थोडा रंग बदलून येतो. सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी 1928 मध्ये कोलकात्यात पकडला तो हाच. रंग किती बदलला यावरून रेणू ओळखता येतो, आणि मजा म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची पिशवी न उघडताही! पण कोटीत एक म्हणजे सिग्नल मरतुकडाच, त्यामुळे साखर किंवा कॅफिनच्या ढिगात एखादा टक्का फेंटानिल हे घातक ड्रग असेल तर हातातल्या छोट्या मशीनला ते बहुतेक वेळा दिसतच नाही. त्यात पावडर रंगीत असली की फ्लुओरेसन्सचा (पदार्थ स्वतःच चमकतो त्या प्रकाशाचा) डोंगर उभा राहतो आणि पीक त्याखाली गाडले जातात. 785 नॅनोमीटरऐवजी 1064 चा लेसर घेतला तर हा त्रास कमी होतो, पण मग तेवढ्याच पॉवरला रामनचा प्रकाश जवळपास एक तृतीयांशावर येतो.

आता सर्स. 1974 मध्ये साउदॅम्प्टनला खरखरीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीन नावाच्या रसायनाचा सिग्नल भलताच मोठा आला. आधी वाटलं की पृष्ठभाग वाढला, जास्त रेणू चिकटले, बस. 1977 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की तेवढ्याने हिशोब लागत नाही, वाढ लाखांच्या पटीत आहे. कारण असं की चांदी-सोन्याच्या नॅनोकणांतले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र झुलतात आणि कणाला लागून विद्युतक्षेत्र प्रचंड वाढतं, आणि रामन सिग्नल त्या क्षेत्राच्या साधारण चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे क्षेत्र 10 पट तर सिग्नल 10,000 पट. सगळ्यात जोर दोन कणांमधल्या नॅनोमीटरभर फटीत. काही नॅनोमीटर लांब गेलात की खेळ खलास.

म्हणून सर्समध्ये नमुना विरघळवून चांदीच्या कोलॉइडमध्ये (चांदीचे नॅनोकण तरंगत असलेल्या द्रवात) टाकतात, थोडं मीठ घालून कण एकमेकांजवळ आणतात आणि मग लेसर. धातूजवळ फ्लुओरेसन्सही दबतो, तो बोनस.

पण माझ्या मते खरा फरक ताकदीचा नाहीच. साधा रामन लेसरच्या ठिपक्यात जे आहे ते बघतो, सर्स बघतो धातूला काय चिकटलं ते. धातूवर जागा मोजक्या, आणि मिश्रणातला दुसराच कोणी आधी येऊन बसला तर ड्रग असूनही गायब, उलट नीट चिकटणारा रेणू नगण्य असला तरी स्क्रीनवर राजा. त्यामुळे पीकच्या उंचीवरून "इतके टक्के आहे" म्हणणं सर्समध्ये फार धोक्याचं, त्यात कोलॉइडची बॅच बदलली की आकडेही हलतात. शिवाय रेणू कसा टेकून बसलाय त्यावर काही पीक मोठे होतात, काही दबतात, काही सरकतात, म्हणून साध्या रामनची लायब्ररी (ओळखीच्या पदार्थांच्या पीकचा साठा) सरळ लावली तर जुळणी चुकू शकते. फेंटानिलचा 1000 cm⁻¹ (रंग किती सरकला ते मोजायचं एकक) च्या आसपासचा पीक दोन्हीकडे दिसतो खरा, पण तो बेंझिनच्या कड्याचा, आणि तसं कडं कितीतरी रेणूंत असतं, एकट्या त्याच्यावर शिक्का मारायचा नाही.

पिशवीभर पावडर समोर असेल तर आधी साधा रामन, रिकाम्या पिशवीच्या आतला पुसट थर असेल तर स्वॅबने (कापसाच्या बोळ्याने) पुसून घेऊन सर्स. आणि सर्समध्ये काहीच नाही दिसलं तर त्याच नमुन्याच्या दुसऱ्या थेंबात माहीत असलेलं ड्रग मुद्दाम थोडं मिसळून बघा, तेही दिसलं नाही तर चाचणीच बंद पडलीय, नमुना स्वच्छ ठरत नाही.