बोटभर चुंबक आणि अवजड लंबक

अवजड वस्तू हलवायची तर जोरही तेवढाच लागणार, असं आपण धरून चालतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयातला एक लंबक ही समजूत पार मोडून काढतो. दोरीला बांधलेला छोटासा चुंबक लंबकाला चिकटवायचा आणि दोरी ओढायची. हिसका दिला की चुंबक सुटून हातात येतो, लंबक ढिम्म! अगदी हलके ओढून सोडलं आणि लंबक आपल्याकडे यायला लागताच पुन्हा ओढलं, की थोड्याच वेळात तो डोलू लागतो.

हे संग्रहालय १९६९ मध्ये फ्रँक ओपनहायमर यांनी उभारलं. अणुबॉम्बचे जनक म्हणून ओळखले जाणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपनहायमर यांचे हे धाकटे बंधू, तेही भौतिकशास्त्रज्ञ. १९४९ मध्ये राजकीय चौकशीपायी त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली. मग कोलोरॅडोत त्यांनी गुरं पाळली, गावातल्या शाळेत भंगारातल्या वस्तू घेऊन भौतिकशास्त्र शिकवलं. संग्रहालयातही उपकरणं बनवण्याची कार्यशाळा त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये सुरू झालं, तेही असंच हात लावून बघण्याचं ठिकाण.

लंबकाचं मर्म वेळेत आहे. त्याचा झोका (जाऊन परत येणं) किती वेळाचा, हे वजनावर नाही, लांबीवर ठरतं: १ मीटरला २ सेकंद, ४ मीटरला ४ सेकंद. योग्य क्षणी दिलेली प्रत्येक ओढ आधीच्या ऊर्जेत भर घालते. हाच अनुनाद.

घरी करून बघा. २ लिटरची बाटली पाण्याने काठोकाठ भरा. अर्धवट भरली तर आतलं पाणी हिंदकळून ऊर्जा खातं. वरच्या हुकापासून बाटलीच्या मध्यापर्यंत १ मीटर अंतर ठेवून टांगा. पंखा बंद. बाटली दूर जायला लागली की फुंकर मारा. वीसेक फुंकरांत झोका नजरेत भरतो. घड्याळ लावून दर २ सेकंदांनी मात्र फुंकू नका, बाटलीकडे बघूनच फुंका. दोरी १० सेंटिमीटर आखूड झाली तर झोका १.९ सेकंदांचा होतो, आणि दहाव्या फुंकरीपर्यंत तुम्ही नेमके उलट्या वेळी फुंकत असता.

दोऱ्याला अंगठी बांधून गर्भातलं मूल मुलगा की मुलगी सांगणारे याच अनुनादावर पोट भरतात. बोटांची नकळत होणारी बारीक हालचाल दोऱ्याच्या लयीशी जुळते आणि अंगठी डोलते. दोरा खुंटीला बांधा, अंगठी गप्प होते.

बाटली थांबवायची असेल तर ती आपल्याकडे येताना फुंका.